सस्पेंड झालेल्याने कोणाच्या दारी जावे?

'अमक्याला सस्पेंड केले' ही बातमी गावात कशी पसरते ते आपणांस ठाऊकच आहे. सकाळी तालुक्याला हुकूम निघतो आणि दुपारी पारावर त्याची चर्चा होते. ऐकणाऱ्यांपैकी निम्मे लोक समजतात की त्याची नोकरी गेली. उरलेले समजतात की त्याने पैसे खाल्ले हे सिद्ध झाले. खरे पाहाता ह्या दोन्ही गोष्टी झालेल्या नसतात. निलंबन म्हणजे नोकरी संपणे नव्हे आणि गुन्हा शाबीत होणेही नव्हे. चौकशी पुरी होईपर्यंत 'तू कामावर येऊ नकोस' एवढेच सरकारने त्याला सांगितलेले असते.

पण 'एवढेच' हा शब्द सांगणाऱ्याला सोपा आहे. ज्याच्यावर तो पडतो त्याला काम नाही, पुरा पगार नाही, आणि नोकरी कायम असल्यामुळे दुसरीकडे चाकरी धरण्याची मुभाही नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ती गत. बरे, हे किती दिवस? चौकशी संपेल तेव्हा. चौकशी केव्हा संपेल? तर ती सुरू होईल त्यानंतर. अशा माणसाने दाद मागायची ती कोणाकडे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

'कोर्टात जा' असे चारचौघे सांगतात. पण कोणत्या कोर्टात? मी हे लिहितो आहे ते मुंबईच्या पूर्व उपनगरातील मानखुर्दातून. इथल्या एखाद्या चाळीत चार बिऱ्हाडे शेजारीशेजारी आहेत असे समजा. पहिला रेल्वेत आहे, दुसरा जवळच्या तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात, तिसरा पोलीस शिपाई, चौथा महानगरपालिकेच्या सफाई खात्यात. चौघेही सार्वजनिक चाकरीतले. उद्या एकाच दिवशी चौघांनाही निलंबनाचा हुकूम मिळाला, तर चौघांना एकाच दारी जाता येणार नाही. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

इंग्रजी अमलात सरकारी नोकराच्या डोक्यावर एक तत्त्व टांगलेले असे. नोकर हा राजाच्या मर्जीवर नोकर आहे. मर्जी आहे तोवर त्याने काम करावे, मर्जी गेली की चालते व्हावे, आणि त्याबद्दल कोर्टात प्रश्न विचारू नये. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांसाठी मात्र १८५० साली एक कायदा झाला होता. सरकारच्या मंजुरीवाचून ज्यांना दूर करता येत नसे अशा अधिकाऱ्यांवर आरोप आले, तर त्यांची जाहीर चौकशी कमिशनपुढे व्हावी, अशी त्यात सोय होती.

ह्या कायद्याचा गाजलेला प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट ज्याच्या नावाने ओळखले जाई, तो आर्थर क्रॉफर्ड १८८८ साली मध्य विभागाचा कमिशनर होता. मामलेदारांकडून बढती-बदलीसाठी पैसे घेतल्याचे आरोप त्याच्यावर आले. सरकारने त्याला निलंबित केले आणि पुण्यास तीन सभासदांचे कमिशन बसले. दोन्ही बाजूंना वकील होते, साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. लाच घेतल्याचा आरोप शाबीत झाला नाही. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून नियमाविरुद्ध कर्जे काढल्याचे मात्र सिद्ध झाले आणि क्रॉफर्डला नोकरी सोडावी लागली.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. 'खरे सांगा, तुम्हांला धक्का लागणार नाही' असे सरकारने मामलेदारांना वचन दिले होते. त्या वचनावर विसंबून त्यांनी आपण पैसे दिल्याचे कबूल केले. पुढे विलायतेत ओरड झाली की लाच देणारे लोक न्यायाधिकारी म्हणून राहातात कसे? तेव्हा काही मामलेदारांना नोकरीतून दूर करण्यात आले. १८८९ साली साक्षीदारांना अभय देणारा कायदा झाला. परंतु त्यामुळे गेलेली नोकरी परत मिळत नव्हती. लोकमान्य टिळकांनी ह्या मामलेदारांचा कैवार घेतला तो त्याच वर्षी. साहेबाला कमिशन मिळाले. मामलेदाराला सभा आणि वर्तमानपत्र ह्यांचाच काय तो आधार होता, कोर्ट नव्हते. आपल्या विषयाची सुरुवात इथून होते असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९१९ च्या सुधारणा कायद्याने एक गोष्ट लिहून ठेवली: नेमणूक करणाऱ्याहून खालच्या अधिकाऱ्याने कोणाला बडतर्फ करू नये. १९३५ च्या कायद्याने दुसरी भर घातली: बडतर्फ करण्यापूर्वी किंवा पायरी उतरवण्यापूर्वी माणसाला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी. पण खात्याचे नियम मोडले तर काय? १९३७ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे मद्रासच्या सरकारी छापखान्यातील एका नोकराचा दावा आला. प्रश्नपत्रिका फुटल्याच्या संशयावरून त्याला काढले होते आणि नियमांप्रमाणे चौकशी झालेली नव्हती. कौन्सिलने सांगितले की नियम पाळणे सरकारचे कर्तव्य खरे, पण ते मोडले म्हणून दावा लावता येणार नाही. वरच्या साहेबाकडे अपील करावे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच घरातल्या वडिलाकडे दाद मागायची!

२६ जानेवारी १९५० हा दिवस म्हणूनच सरकारी नोकराच्या इतिहासातही महत्त्वाचा आहे. त्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्याला रोखणारे 'रिट' काढण्याचा अधिकार कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ह्या तीनच उच्च न्यायालयांना होता, आणि तोही सामान्यतः त्या त्या शहराच्या मूळ हद्दीपुरता. आमचे मानखुर्द मुंबई बेटाच्या त्या हद्दीबाहेरचे. राज्यघटनेच्या २२६ व्या कलमाने ही भिंत पडली. आता राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यातला माणूस उच्च न्यायालयाकडे जाऊ शकतो.

परंतु घटनेतही निलंबिताच्या वाट्याला एक फट राहिली. सरकारी नोकराला संरक्षण देणाऱ्या ३११ व्या कलमात बडतर्फी, नोकरीवरून दूर करणे आणि पदावनती ह्या तिन्हींची नावे आहेत. निलंबनाचे नाव नाही. कारण काय? तर निलंबन ही शिक्षाच नव्हे! कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण ज्याच्या घरी वर्षभर अर्धा पगार येतो, त्याच्या बायकोला ही शिक्षा नव्हे हे कोण पटवणार?

ही गाठ सर्वोच्च न्यायालयाने हळूहळू सोडवली. 'बलवंतराय रतिलाल पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य' ह्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात निलंबनाचे तीन प्रकार स्पष्ट केलेले आढळतात. हे प्रकरण मुंबईच्या वैद्यकीय सेवेतील एका डॉक्टरचे होते. पहिला प्रकार, शिक्षा म्हणून केलेले निलंबन. दुसरा, नियमात किंवा करारात तसा अधिकार आहे म्हणून चौकशीच्या काळात केलेले निलंबन. ह्यात नोकर आणि मालक ह्यांचा संबंध तेवढ्यापुरता थांबतो आणि पगारही थांबतो. तिसरा, असा अधिकार नसताना मालकाने नुसते 'कामावर येऊ नकोस' म्हणणे. तसे म्हणण्याची मालकाला मुभा आहे, पण मग त्याने पगार पुरा मोजला पाहिजे. ह्याच निकालाने आणखी एक गोष्ट सांगितली, ती अनेकांना ठाऊक नसते. हुकुमात 'पुढील हुकूम होईपर्यंत' असे शब्द असतील, तर फौजदारी खटल्यातून सुटका झाल्याबरोबर निलंबन आपोआप संपत नाही. म्हणून हुकूम नीट वाचावा.

आता दारांकडे वळू. नगरपालिकेचा नोकर हा सरकारी नोकर नव्हे. तो नगरपालिकेचा नोकर. मग तो गिरणीतल्या कामगारासारखा मानायचा काय? नागपूर महानगरपालिकेच्या नोकरांचे प्रकरण १९६० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने एकेक खाते तपासून पाहिले आणि बहुतेक खाती 'उद्योग' ह्या व्याख्येत बसतात असे ठरवले. त्यामुळे पालिकेच्या कामगारांना कामगार कायद्यांचे दार उघडले. पुढे महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांविरुद्ध कायदा केला आणि अशी तक्रार औद्योगिक न्यायालयापुढे नव्वद दिवसांत आणण्याची वाट घालून दिली. एस.टी.चा कंडक्टर, पालिकेचा सफाई कामगार हे ह्याच वाटेने गेले. कामगार कायद्यांत अलीकडे देशभर मोठे फेरफार झाले आहेत, तेव्हा ह्या वाटेने निघणाऱ्याने आजचा कायदा जाणत्या माणसाकडून विचारून घ्यावा.

सरकारचे प्रत्यक्ष नोकर मात्र दिवाणी कोर्टात आणि उच्च न्यायालयात जात राहिले आणि तिथे खटल्यांचे ढीग साचले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ३२३-अ हे नवे कलम घातले आणि नोकरीविषयक तंट्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे काढण्याची सोय झाली. १९८५ साली कायदा झाला. १ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण सुरू झाले. लोक त्याला 'कॅट' म्हणतात. महाराष्ट्राचे प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट', ८ जुलै १९९१ पासून मुंबईस सुरू झाले. त्याची खंडपीठे नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे बसली.

ह्या कायद्याने उच्च न्यायालयाचे दार जवळजवळ बंदच केले होते. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर सरळ दिल्ली गाठायची! खेड्यातल्या शिपायाला हे कसे झेपावे? १८ मार्च १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी एल. चंद्रकुमार प्रकरणात निकाल दिला की उच्च न्यायालयाचा अधिकार घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, तो काढून घेता येणार नाही. आज क्रम असा आहे: आधी न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे पीठ.

न्यायाधिकरणाकडे जाण्याच्याही दोन अटी लक्षात ठेवाव्यात. एक, सेवानियमांत अपिलाची सोय असेल तर सामान्यतः आधी ते करावे. केंद्राच्या १९६५ च्या नियमांत निलंबनाविरुद्ध अपील आहे आणि त्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे. दुसरी, अंतिम हुकुमापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा. अपील केले आणि सहा महिने उत्तरच आले नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून वर्ष मोजावे. साहेब उत्तर देईल म्हणून वाट पाहात बसणाऱ्यासाठी कायदा थांबत नाही.

आता गावाकडे या. पदांची नावे अलीकडे बदलली असली तरी गाव अजून तलाठी आणि ग्रामसेवक ह्याच नावांनी हाका मारते. दोघे एकाच गावचा कारभार पाहातात, कधी एकाच इमारतीत बसतात. पण तलाठी महसूल खात्याचा, म्हणजे राज्य सरकारचा नोकर; त्याची दाद मॅटकडे. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर. त्याला १९६४ चे जिल्हा परिषद शिस्त व अपील नियम लागू. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हुकुमावर तो विभागीय आयुक्ताकडे जातो आणि तिथे न्याय मिळाला नाही तर उच्च न्यायालयात. मॅटमध्ये त्याचा अर्ज चालत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाचीही वाट ग्रामसेवकाचीच.

शिक्षक मंडळींनी इथे जरा अधिक लक्ष द्यावे. खाजगी शाळांतील नोकरांसाठी १९७७ चा कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरण आहे. पण त्या कायद्याच्या नवव्या कलमात बडतर्फी, नोकरीवरून काढणे, पदावनती, डावलून दुसऱ्याला बढती देणे ह्यांवर अपील सांगितले आहे. निलंबनाचे नाव तिथेही नाही! मग निलंबित शिक्षकाला आधार कशाचा? १९८१ च्या नियमांचा. संस्थेने शिक्षण खात्याची आगाऊ मंजुरी घेऊनच निलंबन करावे आणि परवानगीवाचून ते चार महिन्यांपलीकडे नेऊ नये, असे ते नियम सांगतात. मंजुरी न घेता निलंबन केले तर निर्वाह भत्त्याचा बोजा संस्थेच्या पदरी पडतो. म्हणून शिक्षकाने पहिला अर्ज शिक्षणाधिकाऱ्याकडे करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. हुकूमच बेकायदा असेल तर उच्च न्यायालय आहे.

कामगार कोर्टाच्या दाराचे काय, असे कोणी विचारील. गोव्यातील एका शिक्षिकेने तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९८८ साली उत्तर मिळाले की शाळा हा उद्योग मानला, तरी शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे. तेव्हा शाळेचा शिपाई ज्या दाराने जाईल त्या दाराने मास्तरांना जाता येईलच असे नाही.

दारांइतकाच दुसरा प्रश्न पोटाचा. निलंबिताला निर्वाह भत्ता मिळतो. राज्याच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो. पहिल्या तीन महिन्यांनंतर, दिरंगाई नोकराची नसेल तर तो भत्त्याच्या निम्म्यापर्यंत वाढवता येतो. दिरंगाई त्याचीच असेल तर तितकाच कमीही करता येतो.

पण पूर्वी ह्यात एक विलक्षण कलम होते. मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मधील १५१ वा नियम असा, की नोकराला फौजदारी कोर्टात शिक्षा झाली आणि त्याचे अपील चालू असले, तर त्या काळात त्याला निर्वाह भत्ता म्हणून दरमहा एक रुपया द्यावा. होय, एक रुपया! 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध चंद्रभान ताले' ह्या प्रकरणात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. अपील चालू आहे म्हणजे निकाल अजून पक्का नाही. आणि निर्वाह भत्ता हा निर्वाहासाठी असतो, थट्टेसाठी नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे. तुरुंगातल्या कैद्यालाही सरकार दोन वेळचे अन्न देते. मग आपल्याच नोकराला महिन्याला रुपया देऊन उपाशी ठेवणे हा कुठला न्याय? भत्ता न देता चौकशी चालवली तर ती चौकशीच लंगडी पडते, कारण उपाशी माणूस आपला बचाव काय करणार?

तिसरा प्रश्न काळाचा. निलंबन तात्पुरते म्हणायचे आणि वर्षानुवर्षे लांबवायचे, ह्या रूढीला सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१५ रोजी अजयकुमार चौधरी प्रकरणात आवर घातला. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवू नये. दिले असेल, तर मुदतवाढीसाठी कारणे लिहून हुकूम काढावा. महाराष्ट्र शासनाने ९ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ह्या निकालानुसार आपल्या खात्यांना सूचना दिल्या. म्हणून निलंबनाच्या हुकुमाची तारीख दिनदर्शिकेवर मांडून ठेवावी आणि नव्वद दिवस मोजावेत.

आता मानखुर्दच्या त्या चार बिऱ्हाडांचा हिशेब पुरा करू. रेल्वेतला आणि अणुसंशोधन केंद्रातला, दोघेही केंद्राचे नोकर. त्यांचे दार कॅट. पोलीस शिपाई राज्याचा. त्याचे दार मॅट. पालिकेचा सफाई कामगार ह्या दोन्ही ठिकाणी गेला तर 'हे आमच्याकडे चालत नाही' एवढेच ऐकून परत येईल. त्याची वाट कामगार न्यायव्यवस्थेकडे. अन्याय एकाच तऱ्हेचा झाला तरी दार ठरते ते अन्यायावरून नव्हे, तर मालकावरून.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण म्हणतो. ती म्हण जमिनीच्या भाऊबंदकीपुरती ठीक आहे. निलंबिताला पायरी चढावी लागते; प्रश्न एवढाच, की ती आपल्या दाराची आहे की परक्याच्या. चुकीच्या दाराशी घालवलेले सहा महिने भत्त्यावरच काढावे लागतात, आणि खऱ्या दाराची मुदत तोवर सरत असते. तेव्हा हुकूम हातात पडला की तीन गोष्टी पाहाव्यात. सही कोणाची आहे? कोणत्या नियमाखाली हुकूम काढला आहे? आणि त्या नियमात अपील कोणाकडे व किती दिवसांत सांगितले आहे? ह्या तिन्हींची उत्तरे बहुधा त्याच कागदावर किंवा त्यात नमूद केलेल्या नियमांत सापडतात.

गावोगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. निलंबनाचा कागद घेऊन कोणी तुमच्याकडे वाचून घ्यायला आला, तर त्याने काय केले असेल ह्याचा निवाडा पारावरच्या लोकांवर सोडा. तुम्ही त्याला वरचे तीन प्रश्न वाचून दाखवा आणि शेवटच्या तारखेवर खूण करून द्या.